पाय थांबत नव्हते: नागपुरातल्या चौथीच्या एका मुलीचं प्रकरण

चौथी ‘अ’च्या नोंदवहीत एका मुलीच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘वेग कमी. खो-खोसाठी नको.’ ही नोंद चूक होती. ती चूक आहे हे कळायला मोजपट्टी, स्टॉपवॉच आणि त्या मुलीने सहज टाकलेलं एक वाक्य लागलं. प्राथमिक शाळेत मैदानाचा तास घेणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत अशी एखादी नोंद असणार, असं मला वाटतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. मुलीच्या आई-वडिलांना विचारूनच लिहिते आहे. तिचं आणि शाळेचं नाव दिलेलं नाही.

शाळा दक्षिण नागपुरात, मानेवाड्याच्या बाजूला. मैदान लांबट, खाली आपली काळी माती आणि वर मुरूम. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो, काळी माती वर येते आणि बुटाला किलोभर चिखल चिकटतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यानंतर लगेच पाऊस, त्यामुळे मैदानाला खरी सुरुवात होते ती पोळ्याच्या आसपास. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये, असा शासनाचा निर्णय 2024 मध्ये आला. मुलांच्या झोपेसाठी ते चांगलंच झालं, पण आमचा मैदानाचा तास उन्हात सरकला. मैदानाच्या एका टोकाला मोठा कडुनिंब आहे, दुसऱ्या टोकाला झेंड्याचा कट्टा, आणि कट्ट्यालगत सिमेंटचा पट्टा. या पट्ट्याचा उल्लेख पुढे येईल.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांच्या आणि महिलांच्या दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं, आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तेव्हापासून आमच्या पोरांच्या अंगात खो-खो संचारला आहे. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून पाट्या आखतात. या मुलीलाही खेळायचंच होतं. पण गडी वाटून घेताना ती कायम शेवटी उरायची. “तिला नको घेऊ बे, लगेच आऊट होते,” हे मी दहा वेळा ऐकलं असेल. कुणीतरी तिला ‘कासव’ म्हणायला लागलं आणि ते नाव चिकटलं. मी रागावले, पण मनातून मलाही ते पटलेलंच होतं, हे आज लिहिताना जड जातं. वहीतली नोंद त्यातूनच आली.

संशय कसा आला

तान्हा पोळ्याच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात पालक भेटीला तिची आई आली. मी म्हटलं, हिला खेळायची हौस आहे, पण वेग कमी पडतो. आई गोंधळली. “घरी तं एका जागी बसत नाही ही. गच्चीवर दिवसभर उड्या मारत राहते. कुत्र्याच्या मागं अशी पळते की आम्ही हाक मारून थकतो. मैदानावर काऊन अशी करते, काय माहीत.”

आईच्या बोलण्यात मुलीचं कौतुक असतंच, हे धरूनही मला ते टोचलं. उड्या मारणारं, कुत्र्यामागे पळणारं पोर मंद कसं? मग लक्षात आलं की मी तिला कधी सरळ रेषेत पळताना नीट पाहिलेलंच नव्हतं. जे पाहिलं ते खो-खोत, आणि खो-खोत सरळ पळणं असतं किती?

शाळांतल्या मोजणीबद्दल इथे थोडं सांगायला हवं. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत चौथीपासून पुढे 50 मीटर धावणं, 600 मीटर धावणं-चालणं, बसून पुढे वाकणं, अर्धे सिट-अप, पुश-अप आणि उंची-वजन असतं. पहिली ते तिसरीला उंची-वजनासोबत एका पायावर तोल सांभाळणं आणि ताटल्यांना हात लावण्याची चाचणी असते. चाचणी उपयोगी आहे, पण चौथीच्या मुलाची लांब उडी तीत नाही आणि धावता धावता वळणंही नाही. बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, आम्ही ‘आहपर’ या अमेरिकन संघटनेची जी तंदुरुस्ती चाचणी शिकलो, 1958 ची, तीत मात्र तिन्ही होतं : 50 यार्ड धाव, जागेवरून लांब उडी आणि शटल रन, म्हणजे दोन रेषांमध्ये पळत ये-जा. जुन्या चाचणीत अनेक उणिवा असतील. पण वेग, उडी आणि वळण ही तीन वेगळी खाती आहेत, एवढं तिला कळलेलं होतं.

म्हणून मी सगळ्या वर्गाची तीन मोजमापं घ्यायचं ठरवलं. या एकाच मुलीला बाजूला घेतलं असतं तर तिच्यावर आणखी एक शिक्का बसला असता.

मोजणी

पहिलं, 20 मीटर धाव. पन्नास नको, कारण आमच्या मैदानावर पन्नास मीटर पळून पुढे थांबायला जागा नाही. भिंत दिसली की लहान मूल शेवटच्या आठ-दहा मीटरवर आपोआप हळू होतं, आणि मग आपण वेग नाही, भिंतीची भीती मोजतो. म्हणून मुलांना अंतिम रेषा सांगितलीच नाही. “कडुनिंबाला हात लावून या” एवढंच सांगितलं, आणि झाडाच्या बरंच अलीकडे, वीस मीटरवर, मी घड्याळ बंद केलं. ‘जा’ म्हटल्यावर घड्याळ सुरू केलं तर प्रतिसादाचा वेळही त्यात येतो, म्हणून मागचा पाय हलला की सुरू. दोनदा पळवलं, चांगली वेळ धरली. हातातल्या घड्याळात एक-दोन दशांश सेकंदाची चूक होतेच. तेवढ्या फरकावरून कुणाला हुशार आणि कुणाला ढ ठरवायचं नाही, ही खूणगाठ आधीच बांधली.

दुसरं, जागेवरून लांब उडी. चवडे रेषेमागे, हात झुलवून दोन्ही पायांनी उडी, आणि माप मागच्या टाचेच्या खुणेपर्यंत. तीन उड्या, सर्वांत लांब ती धरायची. तिसरं, 10 मीटरच्या दोन रेषांमध्ये चार फेऱ्या, म्हणजे तीन वळणं. शटल रनमध्ये उचलायला ठोकळे असतात, ते इथे ठेवले नाहीत. रेषेपलीकडे एक पाय टाकायचा आणि फिरायचं.

मुलगे-मुली एकाच यादीत ठेवले. वयात येण्याआधी या तिन्ही गोष्टींत मुलगे-मुलींतला फरक लहान असतो. त्याहून मोठा फरक जन्मतारखेमुळे पडतो, कारण एकाच वर्गात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलामध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. नऊ वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे केवढं! ही मुलगी वर्गातल्या लहानांपैकी.

तिचे आकडे असे आले. वीस मीटर : 4.5 सेकंद, वर्गात मधोमध. उडी : 134 सेंटिमीटर, मुलींमध्ये दुसरी. मी टेप पुन्हा लावून पाहिला. आणि चार फेऱ्या : 15.9 सेकंद, अगदी तळाला.

त्या दिवशी घरी जेवण झाल्यावर आकडे घेऊन बसले. वर्गातल्या आणखी एका मुलीचे वीस मीटरला नेमके 4.5 सेकंदच होते. तिची उडी मात्र 112. आणि चार फेऱ्यांना तिला लागले 13.9. मग मी एक साधी वजाबाकी केली. सरळ 20 मीटरची वेळ दुप्पट करायची, म्हणजे 40 मीटरचा ढोबळ हिशोब, आणि ती चार फेऱ्यांच्या वेळेतून वजा करायची. उरतो तो थांबण्या-वळण्यात गेलेला वेळ. त्या दुसऱ्या मुलीचा उरला 4.9 सेकंद, आणि हिचा 6.9. सरळ वेग सारखा, पायात ताकद जास्तच, तरी तीन वळणांत दोन सेकंद गायब. मोठ्या खेळाडूंच्या बाबतीतही वळणाची वेळ वजा सरळ धावेची वेळ असा हिशोब करतात. मी माझ्या वहीत त्याला ‘वळणाचा खर्च’ असं नाव दिलं.

जिच्याबद्दल मी ‘वेग कमी’ लिहिलं तिचा वेग कमी नव्हताच.

रेषेपाशी काय होत होतं

दुसऱ्या दिवशी मी रेषेच्या बाजूला उकिडवी बसले, डोळे तिच्या गुडघ्यांच्या पातळीला येतील अशी, आणि तिला एकटीला दोनच फेऱ्या करायला सांगितल्या.

रेषा पाच-सहा मीटरवर असतानाच तिची पावलं बारीक व्हायला लागली. टपटप, टपटप. अंग ताठ, छाती वर, नजर खाली रेषेवर. पाय शरीराच्या बरोबर खाली पडत होते. असा पाय ब्रेक लावू शकत नाही. थांबायचं तर पाय अंगाच्या भाराच्या पुढे पडावा लागतो, गुडघा वाकावा लागतो, कंबर खाली यावी लागते. बैलगाडी उतारावर आवरताना गाडीवान मागे रेलतो ना, तसं. हिचं काहीच खाली येत नव्हतं. त्यामुळे एवढ्या लवकर हळू होऊनही ती रेषेच्या पुढे दोन पावलं गेलीच. मग दोन्ही पाय जुळवून उभी राहिली, उजव्या खांद्यावरून मोठा वळसा घेऊन फिरली, आणि पुन्हा शून्यापासून धाव. दुसऱ्या फेरीलाही तेच, उजवीकडूनच.

मी विचारलं, “एवढी पुढे का जातेस गं?”

“मॅडम, पाय थांबूनच नाही राहिले ना.”

तिने तक्रार केली नव्हती, जे होत होतं ते सांगितलं होतं. मी वाकून तिच्या बुटाच्या पुढच्या टोकावर अंगठा दाबला. बूट आत गेला, बोटं लागलीच नाहीत. बूट काढायला लावला तर आत पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला. वाढत्या पायाचे म्हणून एक नंबर मोठे घेतलेले, आणि तळवा इतका घासलेला की नक्षी फक्त टाचेच्या कडेला उरली होती. पाय बुटात घसरत होता आणि बूट मुरमावर. सरळ पळताना हे चालून जातं. थांबताना नाही.

आणखी एक गोष्ट आईला फोन केल्यावर कळली. दुसरीत असताना ती त्याच झेंड्याच्या कट्ट्याशेजारच्या सिमेंटच्या पट्ट्यावर पडली होती, हनुवटीला टाके पडले होते. मी तेव्हा या शाळेत नव्हते. मग मी पुन्हा पाहिलं : कडुनिंबाकडे तोंड असताना ती मोकळी धावत होती, कट्ट्याकडे तोंड असताना पावलं आणखी लवकर बारीक होत होती. वर्षभर मी तिच्यासमोर शिट्टी घेऊन उभी होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

पहिले चार आठवडे

सराव असा ठरवला : आठवड्याला तीन दिवस, वीस मिनिटं, पूर्ण वर्गाबरोबर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी हालचाल हवी, असं सांगितलं आहे. साठ मिनिटं शाळेला जमत नाहीत, पण तीन दिवस जमतात.

आधी बुटांचं. आईने नवे घेते म्हटलं, मी नको म्हटलं, महिनाअखेर होती. तिच्या मावसबहिणीचे बूट तिला बरोबर बसले, अदलाबदल झाली. शिवाय मैदानाचा एक तुकडा आम्ही झाडून, खडे-काचा वेचून साफ केला. लंगडी आणि उडीनंतर जमिनीवर उतरण्याचा सराव तिथे अनवाणी. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र दहानंतर जमीन तापते, तेव्हा अनवाणी बंद. सगळा सराव आम्ही कट्ट्याच्या टोकापासून हलवून कडुनिंबाच्या बाजूला आणला. पट्ट्यावर रबरी मॅट टाकावी म्हणून अर्ज दिला आहे.

मग थांबायला शिकवणं. फक्कीने एक मोठा चौकोन आखला, आठ मीटरवरून पळत येऊन त्यात ‘स्टॅच्यू’ व्हायचं. बाहेर गेलात की बाद. आठवड्यागणिक चौकोन लहान. मुलांना ‘कंबर खाली आणा’ हे समजत नाही. ‘बसकं व्हा, लंगूर झाडावरून खाली उतरतो तसं’ म्हटलं की लगेच जमतं. त्याबरोबर उतरणं : स्टेजच्या खालच्या पायरीवरून उडी, आवाज न करता, आणि दोन मोजेपर्यंत हलायचं नाही. उडी सगळ्यांना येते, उतरणं शिकवावं लागतं. वळताना जो पाय रोवतो त्याला तोच भार पेलायचा असतो.

तिसरं, चिंचोके. रेषेवर चिंचोके ठेवले, प्रत्येक फेरीत एक उचलून आणायचा. हाताला जमीन लागायची तर खाली जावंच लागतं. ती सुरुवातीला कमरेतून वाकायची, गुडघे ताठ, आणि तोंडावर पडायच्या बेतात यायची. दहा-बारा दिवसांनी गुडघे वाकायला लागले. एका फेरीला उजवीकडून, एका फेरीला डावीकडून वळायचं, असा नियम सगळ्यांना. डावीकडून वळताना ती रडकुंडीला यायची.

धावा सगळ्या पाच-सहा सेकंदांच्या, मध्ये कडुनिंबाखाली बसणं आणि पाणी. लहान मुलं अशा छोट्या जोरदार धावेतून मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात, पण सलग पळवलं की कंटाळतात आणि पाय ओढायला लागतात. दमलेल्या पायाला वळण शिकवता येत नाही.

या काळात तिची आजी शाळेत आली. “एवढ्या उड्या मारल्या तं उंची खुंटते म्हणतात. खरं हाय का, मॅडम?” मी त्यांना बसवून सांगितलं. उड्यांनी उंची खुंटत नाही, उलट या वयात उड्यांनी हाडं मजबूत होतात. धोका असतो तो चुकीच्या पद्धतीने जड वजन उचलण्यात किंवा दुखत असताना रेटण्यात. टाच दुखते असं मूल सारखं म्हणायला लागलं तर सराव थांबवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं, कारण आठ ते चौदा वयात टाचेच्या वाढत्या भागाला सूज येणं नेहमीचं आहे. आजींचा प्रश्न अगदी रास्त होता. असे प्रश्न घरोघरी असतात आणि कुणी विचारत नाही, मग मुली मैदानावरून गुपचूप कमी होतात.

घटस्थापनेच्या आधी पुन्हा चार फेऱ्या मोजल्या. 15.9 चे 14.8 झाले होते. मला फार आनंद झाला. त्याच दुपारी मुलांनी खो-खो मांडला आणि ती सगळ्यांच्या आधी बाद झाली. तेरा सेकंदांत.

इथे माझं चुकलं होतं

खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. खांबाला वळसा घालावा लागतो किंवा खो द्यावा लागतो. पळणाऱ्याला दोन्ही मुभा आहेत. सगळा खेळ या असमानतेवर उभा आहे. पळणाऱ्याने थांबून फिरलं की पाठलाग करणारा फसतो. ज्याला थांबता येत नाही त्याला ही सवलत असून नसल्यासारखी. मला वाटलं होतं, तिला थांबता आलं की झालं.

पण रेषेवर वळणं आणि माणसापासून वळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेषा हलत नाही. कधी वळायचं, कुठे वळायचं, हे चिंचोक्याच्या खेळात आधीच ठरलेलं असतं. खो-खोत ते समोरच्याच्या हालचालीवरून अर्ध्या क्षणात ठरवायचं असतं. शेपर्ड आणि यंग या अभ्यासकांनी 2006 मध्ये चपळाईची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे : एखाद्या इशाऱ्याला प्रतिसाद म्हणून वेग किंवा दिशा बदलणारी सगळ्या शरीराची जलद हालचाल. इशारा काढून टाकला तर उरतं ते नुसतं वळण. मी तिला वळण शिकवलं होतं, चपळाई नाही. प्लास्टिकचे शंकू मांडून त्यामधून मुलांना नागमोडी पळवणं आणि त्याला चपळाईचा सराव म्हणणं हे मी अनेक वर्षं केलं. ते वाया गेलं असं नाही, पण अर्धंच होतं.

आपल्या आजी-आजोबांचे खेळ इथे किती पुढे होते! आट्यापाट्यांत प्रत्येक पाटीवर एक जिवंत माणूस उभा असतो, आणि त्याला हूल दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डब्बा, रेसटीप, विषामृत, सगळ्यांत समोर कुणीतरी आहे. शंकू कुणाला हूल देत नाही.

दुसरा टप्पा

दसऱ्याआधीचे दिवस आणि दिवाळीनंतरचा पूर्ण नोव्हेंबर असा हा टप्पा झाला. शंकू कपाटात गेले. सुरुवात ‘आरशा’ने : दोन मुलं समोरासमोर, मध्ये फक्कीची रेषा, एक डावी-उजवीकडे सरकेल, दुसऱ्याने आरसा व्हायचं, दहा सेकंद. मग ‘शेपटी ओढ’ : प्रत्येकाच्या कमरेला रुमाल खोचलेला, दुसऱ्याचा ओढायचा, आपला वाचवायचा. आणि शेवटी चारच पाट्यांचं आट्यापाट्या, पूर्ण मांडायला मैदान पुरत नाही म्हणून.

इथे मी सगळ्या वर्गाला एकच गोष्ट शिकवली, जी मला माझ्या खो-खोच्या गुरूंनी शिकवली होती आणि मी विसरले होते. समोरच्याच्या तोंडाकडे पाहू नका, हातांकडे पाहू नका, कमरेकडे पाहा. डोळे हूल देतात, खांदे हूल देतात, कंबर जिकडे जाते तिकडेच माणूस जातो.

हिची नजर इतके दिवस जमिनीवर असायची, रेषा शोधत. आरशाच्या खेळात जमिनीवर रेषा असून उपयोग नव्हता, वर पाहावंच लागलं. पहिल्या दोन दिवसांत ती प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पाहिलं, शेपटी ओढताना ती बसकी झाली, उजवा पाय बाहेर रोवला, गुडघा वाकला, आणि समोरच्या मुलाचा हात हवेत गेला. बारीक टपटप पावलं नव्हती. एकच रोवलेला पाय. मुरमावर त्या बुटाची छोटी घसरण उमटली होती, विळीच्या पात्यासारखी वाकडी. मी ती खूण मुलांना दाखवली. मग सगळे आपापल्या खुणा शोधायला लागले आणि तास संपेपर्यंत कुणी पळालंच नाही.

एक गोष्ट जमली नाही. पी.टी.चा गणवेश आठवड्यातून दोनच दिवस असतो. तिसऱ्या दिवशी मुली स्कर्टमध्ये, आणि स्कर्टमध्ये त्या बसक्या होत नाहीत, उडी घेत नाहीत, एका हाताने स्कर्ट सांभाळतात. तिसऱ्या दिवसाचा सराव मुलींचा अर्धाच झाला. हे मी मुख्याध्यापकांकडे मांडलं आहे. गणवेशाचा प्रश्न हा सरळ सरळ उडीचा आणि वेगाचा प्रश्न आहे, आणि त्यावर कुठल्याही व्यायामाने उतारा पडणार नाही.

डिसेंबर

पहिल्या आठवड्यात फिरून मोजलं, तेच घड्याळ, तीच मी, तीच वेळ. वीस मीटर 4.4. हा दशांशाचा फरक घड्याळाच्या चुकीतच जातो, तो मी मोजत नाही. उडी 141. त्यात थोडी वाढ वयाची, थोडी उतरायची भीती गेल्याची असावी. या वयात ताकद वाढते ती बहुतेक मज्जातंतू आणि स्नायूंचा मेळ बसल्याने, दंड-मांड्या भरल्याने नाही. चार फेऱ्या 14.2. वळणाचा खर्च 6.9 वरून 5.4. वर्गातल्या चांगल्या वळणाऱ्यांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

हे सगळं सरावामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. बूट बदलले, जागा बदलली, ती तीन महिन्यांनी मोठी झाली, आणि चाचणी तीन वेळा दिल्याने चाचणीचीही सवय झाली. एका मुलीवरून नियम निघत नाही. पण वर्गातले इतर आकडे पाहताना मला आता वेगळं दिसतं. एक मुलगा वीस मीटरला सर्वांत पुढे आहे आणि उडीत मागे. तो हात झुलवतच नाही, अंगाला चिकटवून ठेवतो. आणखी एक, जाडजूड, ज्याला सगळे गोलरक्षक करून टाकतात, त्याचा वळणाचा खर्च वर्गात सर्वांत कमी निघाला. अंगाच्या वजनामुळे त्याची उडी आणि सुरुवात मार खाते, पण समोरच्याची हालचाल तो आधीच ओळखतो आणि त्याच्या आधी हलतो. तो आता आट्यापाट्यांत पहिल्या पाटीवर उभा असतो आणि त्याला ओलांडणं सोपं नाही.

शाळेच्या क्रीडा आठवड्यात ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीचा खो-खो झाला. मुलांनी गडी स्वतः निवडले आणि ती तिसरी निवडली गेली. मी काही सांगितलं नव्हतं. ती 38 सेकंद टिकली. एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी आत-बाहेर करताना दोनदा थांबून फिरली, आणि दुसऱ्यांदा पाठलाग करणारी मुलगी खांबापर्यंत वाहत गेली. बाद झाली ती डावीकडे वळताना. वळसा मोठा पडला, पाय रोवला गेला नाही.

नोंदवहीतलं जुनं वाक्य मी खोडलं. पान फाडलं नाही, एक रेघ मारली, खालचं वाचता येतं. तिच्या नावापुढे आता तीन रकाने आहेत, आणि चौथा ‘वळणाचा खर्च’. सगळ्या वर्गाचे तसेच आहेत. पुढची मोजणी फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवली आहे, कारण त्यानंतर आमचं मैदान तापायला लागतं. तिच्या रकान्यात शेरा एवढाच लिहिला आहे : ‘डाव्या बाजूची वळणं घ्यायची. उजव्या पायाची लंगडी, रोज.’